रेडियमच्या दुकानात रेडियम नसते : मोटरसायकलवरच्या विनाइलचा आणि फिल्मचा इतिहास

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एसटी स्थानकाच्या आसपास ‘रेडियम आर्ट’ अशी पाटी असलेले एक दुकान हमखास सापडते. आत विनाइलच्या रंगीत गुंडाळ्या उभ्या असतात, एक कटिंग यंत्र असते आणि दारात चार-दोन मोटरसायकली व एखादी रिक्षा खोळंबलेली असते. कोणाला टाकीवर मुलीचे नाव हवे असते, कोणाला मडगार्डवर भगवी पट्टी, तर कोणाला कंपनीने दिलेला लाल रंग झाकून सबंध गाडी मॅट काळी करून हवी असते. या साऱ्या कामाला आपल्याकडे एकच नाव आहे, ‘रेडियम मारणे’. रेडियम नावाचे मूलद्रव्य त्या दुकानात औषधालाही नसते. मग हे नाव आले कोठून? आणि धातूच्या टाकीवर प्लॅस्टिकची कातडी चढवण्याची कल्पना मुळात कोणाला सुचली?

आजचा धागा या दोन प्रश्नांचा आहे. गडकिल्ले, ताम्रपट आणि बखरी यांवर आपण भरपूर वाचतो. परंतु ज्या वस्तू रोज आपल्या गुडघ्याला घासतात, त्यांच्या पृष्ठभागालाही इतिहास असतो आणि तो बराच चकवणारा असतो.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण बोलताना त्यांची सरमिसळ होते. पहिली विनाइल रॅप. पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसीचा रंगीत, पातळ पापुद्रा. त्याची जाडी सुमारे ८० ते १०० मायक्रॉन असते आणि तो मूळ रंग पूर्णपणे झाकतो. दुसरी पेंट प्रोटेक्शन फिल्म, बाजारातले नाव पीपीएफ. ती पॉलियुरेथेनची, बहुधा पारदर्शक आणि साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते. तिचे काम दगड, वाळू आणि ओरखडे स्वतःच्या अंगावर घेण्याचे. एक रंग लपवते, दुसरी तो दाखवत राहते. दोहोंच्या खाली कारखान्यातला मूळ रंग मात्र शाबूत राहतो आणि या साऱ्या कथेचे मर्म त्या शाबूत राहण्यातच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटरसायकलींना अशा कातडीची गरज नव्हती. त्या काळचे सुटे भाग मुलाम्यासारख्या दाट एनॅमलमध्ये रंगवून भट्टीत भाजले जात. टाकीच्या कडेने जाणाऱ्या सोनेरी रेषा हाताने ओढल्या जात. चेन्नईत तयार होणाऱ्या रॉयल एनफिल्ड बुलेटच्या टाकीवर अशा रेषा एकविसाव्या शतकातही कारागिरांनी कुंचल्याने, फूटपट्टीविना ओढल्या आहेत. कंपनीचे नाव किंवा बोधचिन्ह उमटवण्यासाठी ‘ट्रान्सफर’ वापरत. कागदावर उलटे छापलेले चित्र ओले करून वस्तूवर सरकवायचे आणि कागद काढून घ्यायचा. चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे उतरवण्याच्या अठराव्या शतकातील युरोपीय तंत्राशी त्याचे नाते आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी लोकांत त्याचे एवढे वेड पसरले की त्याला ‘डेकॅल्कोमॅनी’ हे फ्रेंच नावच पडले. आज आपण ‘डेकल’ म्हणतो तो त्याच शब्दाचा तुकडा आहे. हे ट्रान्सफर एकदा बसले आणि वरून वॉर्निश फिरले की ते रंगाचाच भाग होऊन जाई. काढून टाकण्यासाठी लावणे ही कल्पना अजून जन्माला यायची होती.

ती जन्माला आली अमेरिकेत, आणि तीही गाडी रंगवणाऱ्या कारागिरांच्या वैतागातून. १९२३ साली ड्यू पाँट कंपनीचे ‘ड्यूको’ हे लॅकर जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आले. पूर्वी रंग वाळायला दिवसच्या दिवस लागत, आता काम काही तासांवर आले. रंग झटपट वाळू लागल्यावर दोन रंगांची गाडी हवी अशी हौस सुरू झाली. पण दोन रंगांच्या सीमारेषेवर काय लावायचे? कारागीर वर्तमानपत्रे डिंकाने चिकटवत किंवा जबर चिकटपट्टी वापरत, आणि ती ओढून काढताना खालचा ताजा रंगही सोलून निघे.

मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे रिचर्ड ड्रू नावाचा तरुण हे पाहत होता. तो ‘मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग’ कंपनीचा माणूस, आणि गॅरेजमध्ये आला होता पॉलिश कागदाचे नमुने तपासायला. (या कंपनीची मूळ कथाही मजेदार आहे. १९०२ साली ती कुरुंद खणण्यासाठी स्थापन झाली आणि खाणीतून निघालेला दगड कुरुंद नव्हताच. मग ती पॉलिश कागदाकडे वळली. आज आपण तिला थ्रीएम म्हणतो.) ड्रूने १९२५ साली मास्किंग टेप तयार केली. घट्ट चिकटावी, पण काढताना खालच्या रंगाला धक्का लागू नये, एवढीच तिची अट होती. रॅप आणि पीपीएफ यांच्या चिकटद्रव्याकडून आजही नेमकी हीच अपेक्षा असते. चिकटण्याइतकेच सुटून येणे महत्त्वाचे आहे, हे तंत्रज्ञानाला तेव्हा प्रथम नीट उमगले असे मला वाटते.

दहा वर्षांनी, १९३५ साली, लॉस एंजेलिसमध्ये स्टॅन्टन एव्हरी याने मागचा कागद सोलून चिकटवायची लेबले बनवायला सुरुवात केली. भांडवल होते वाग्दत्त वधूकडून घेतलेले शंभर डॉलर, आणि यंत्र बनवले होते धुलाईयंत्राची मोटर व शिलाई मशीनचे भाग जोडून. आज जगभर गाड्यांवर चढणाऱ्या रॅपच्या बाजारात थ्रीएम आणि एव्हरीच्या नावाची कंपनी हे दोन ठळक प्रतिस्पर्धी आहेत, म्हणजे एक पॉलिश कागदवाला आणि एक लेबलवाला.

चिकटद्रव्य मिळाले, पण चिकटवायचे काय? त्याचे उत्तर आधीच ओहायो राज्यातील ॲक्रन येथे तयार झाले होते. बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाला काम दिले होते ते रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधण्याचे. १९२६ च्या सुमारास तो पीव्हीसीवर प्रयोग करत होता. पीव्हीसी एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते, परंतु कडक, ठिसूळ आणि निरुपयोगी म्हणून बाजूला पडले होते. सेमनने ते उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवले आणि थंड झाल्यावर हाती आला रबरासारखा लवचीक गोळा. तो धातूला चिकटत नव्हता. कामाच्या दृष्टीने प्रयोग फसला होता, पण मऊ विनाइल मात्र मिळाले होते. रेनकोट, पडदे, तारांची वेष्टने असा प्रवास करत ते पुढे वाहनांवर पोचले. धातूला चिकटण्यास नकार देणारा हा पदार्थ आज दुसऱ्याच्या डिंकावर धातूला चिकटून बसला आहे.

मोटरसायकलसाठी मात्र कुठलेही विनाइल चालत नाही आणि येथे थोडे थांबायला हवे. स्वस्त विनाइल गरम रुळांतून लाटून काढतात, पोळी लाटावी तसे. त्याला कॅलेंडर्ड म्हणतात. लाटताना पडलेला ताण त्या पापुद्र्यात साठून राहतो, ऊन लागले की तो आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहतो आणि कडा आखडतात. दुसरा प्रकार कास्ट. यात द्रवरूप विनाइल एका गुळगुळीत कागदावर पातळ ओतून भट्टीत पक्के करतात, धिरडे घालावे तसे. त्यात ताण नसतो, म्हणून तो वळणावर बसतो आणि बसलेला राहतो. सपाट पाटीवर लाटलेले विनाइल वर्षानुवर्षे टिकेल, बुलेटच्या टाकीवर ते एका उन्हाळ्यात हार मानते.

कारण टाकी हा भूमितीचा चक्रव्यूह आहे. तिचा पृष्ठभाग एकाच वेळी दोन दिशांना वळलेला असतो. सपाट कागद नळीवर सुरकुती न पडता गुंडाळता येतो, चेंडूवर येत नाही. गोलाकार पृष्ठभाग ताणल्या-दाबल्यावाचून सपाट करता येत नाही हे गाउसने १८२७ साली गणिताने सिद्ध केले. नकाशाच्या इतिहासात रस असलेल्यांना हे संकट ओळखीचे आहे. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड अवाढव्य दिसते ते याच कारणाने. नकाशाकाराला गोल पृथ्वी सपाट करायची असते, रॅप करणाऱ्याला सपाट फिल्म गोल करायची असते. दोघांनाही कुठेतरी ताणावेच लागते. प्रश्न फक्त तो ताण कोठे लपवायचा, एवढाच.

आता कापण्याच्या यंत्राकडे येऊ. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील कनेक्टिकट येथील गर्बर कंपनीने संगणकावर चालणारे अक्षरे कापणारे यंत्र बाजारात आणले. तिचा संस्थापक जोसेफ गर्बर व्हिएन्नात जन्मलेला ज्यू, नाझी छळातून सुटून १९४० साली अमेरिकेत पोचलेला. विद्यार्थिदशेतील त्याचा पहिला शोध होता मोजमापाची ताणती पट्टी, जी त्याने पायजम्यातील इलॅस्टिक काढून बनवली होती. त्याच्या कंपनीच्या यंत्राने पाटी रंगवणाऱ्याच्या हाताचे काम सुरीच्या टोकाकडे दिले.

आपल्याकडे या बदलाची किंमत ‘पेंटर’ या माणसाने मोजली. मराठी समाजात पेंटर हा नुसता धंदा नव्हता, तो नावाला जोडायचा किताब होता. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री इतिहासात बाबूराव पेंटर म्हणूनच राहिले. नंबरप्लेट, दुकानाची पाटी, ट्रकचे फाळके, रिक्षाची पाठ, या साऱ्यांवर अक्षर काढणारे हात गावोगावी होते आणि प्रत्येकाच्या वेलांटीला वेगळा डौल होता. संगणकावर चालणारे यंत्र आले आणि सर्वत्र तेच मोजके फाँट दिसू लागले. काही पेंटरांनी स्वतःच यंत्र घेतले, बाकीचे भिंती रंगवायला लागले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे दुःख दुहेरी आहे. हस्ताक्षर असते तेव्हा पाटीचा कर्ता ओळखता येतो. कापलेल्या विनाइलला कर्ता नसतो.

आणि ‘रेडियम’? हे नाव बहुधा याच संक्रमणात चिकटले. क्युरी दांपत्याने १८९८ साली रेडियम शोधले. त्यानंतर काही वर्षांतच त्याचा अंधारात चमकणारा रंग घड्याळांच्या तबकड्यांवर आला. न्यू जर्सीतील ज्या कामगार स्त्रिया ओठांनी कुंचल्याला टोक काढून तो रंग भरत, त्यांच्यापैकी अनेक जणी १९२० च्या दशकात हाडे झिजून मेल्या. त्यांचा न्यायालयीन लढा कामगार हक्कांच्या इतिहासातला एक मैलाचा दगड आहे. पुढे रेडियम वापरातून गेले, तरी ‘अंधारात चमकते ते रेडियम’ ही समजूत घड्याळांबरोबर जगभर पोचली होती. १९३९ साली मिनिॲपोलिस येथे थ्रीएमने काचेच्या सूक्ष्म मण्यांची परावर्तक फिल्म रस्त्यावरील फलकावर प्रथम लावली. ही फिल्म स्वतः चमकत नाही, समोरच्या दिव्याचा प्रकाश आल्या वाटेने परत पाठवते. ती आपल्या ट्रकांच्या आणि सायकलींच्या पाठीमागे आली तेव्हा लोकांनी तिलाही रेडियम म्हटले. मग तिच्या शेजारी त्याच दुकानात मिळणारे साधे, न चमकणारे विनाइलही रेडियम झाले. हा शेवटचा प्रवास कोणी नोंदवून ठेवलेला नाही, तो माझा तर्क आहे. पण शब्द असेच सरकतात. ‘पेट्रोमॅक्स’ आणि ‘डालडा’ यांचे काय झाले ते आठवून पाहा.

आतापर्यंत विनाइल तुकड्यातुकड्यांनी लागत होते. सबंध वाहन गुंडाळण्याच्या कल्पनेमागे एक सरकारी नियम आहे, आणि मला हा प्रसंग फार आवडतो. जर्मनीत १९७० च्या दशकापासून टॅक्सीचा रंग कायद्याने ठरलेला होता, फिकट हस्तिदंती. टॅक्सीमालक चांगली मर्सिडीज घेई, काही वर्षे चालवी आणि विकायला काढी तेव्हा फटका बसे. ती हस्तिदंती गाडी घरगुती ग्राहकाला नको असे. उपाय निघाला तो असा की गाडी हव्या त्या रंगात घ्यायची, वरून हस्तिदंती फिल्म चढवायची आणि विकताना सोलून टाकायची. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात वेल्समधील केपीएमएफ या कंपनीने अशा टॅक्सींसाठी फिल्म पुरवली. लाखो किलोमीटर धावलेल्या टॅक्सींवरून ती काढल्यावर खालचा रंग नव्यासारखा निघाला. त्याच सुमारास अमेरिकेत पेप्सीच्या जाहिरातीने सबंध बस झाकली गेली. एकीकडे नोकरशाहीचा नियम, दुसरीकडे जाहिरातदाराची हाव, या दोघांनी मिळून आजची रॅप संस्कृती घडवली.

त्या टॅक्सीच्या उदाहरणात बाजारभावापेक्षा काहीतरी अधिक घडले आहे. तोवर गाडीचा रंग म्हणजे गाडी कशी दिसते ते. आता रंग दोन झाले. एक दिसणारा, तात्पुरता. दुसरा न दिसणारा, खरा, पुढच्या मालकासाठी राखून ठेवलेला.

पारदर्शक फिल्मची वाट मात्र युद्धभूमीवरून आली. पॉलियुरेथेनचा शोध लेव्हरकुसेन येथे १९३७ साली ओटो बायर याने लावला (बायर कंपनीच्या संस्थापक घराण्याशी त्याचे नाते नव्हते, आडनाव योगायोगाने तेच). १९६० च्या दशकात व्हिएतनाममध्ये अमेरिकी हेलिकॉप्टरे धुळीच्या मैदानांवर उतरत तेव्हा उडालेली वाळू पंख्याच्या पात्यांची पुढली कड खाऊन टाकी. त्या कडेवर थ्रीएमची चिवट पॉलियुरेथेन पट्टी लावण्यात आली. कठीण वस्तूवर खडा आपटला की टवका उडतो, लवचीक वस्तू तो धक्का गिळून पुन्हा पूर्ववत होते, एवढे साधे त्यामागचे तत्त्व. नंतर ही पट्टी शर्यतीच्या मोटारींच्या नाकावर आली आणि १९९० च्या दशकात सर्वसामान्यांच्या गाड्यांवर. सुरुवातीच्या फिल्म उन्हाने पिवळ्या पडत. पुढे चांगल्या प्रतीचे पॉलियुरेथेन आणि वरचा संरक्षक थर आला. २०१० नंतर तर किरकोळ ओरखडा ऊब मिळताच आपोआप भरून येईल अशा थराच्या फिल्म सर्रास मिळू लागल्या. व्हिएतनामच्या त्या पट्टीचे वंशज आज पुण्यातल्या एखाद्या नव्या कोऱ्या दुचाकीच्या टाकीवर, शोरूममधून निघण्यापूर्वीच चढतात.

दुचाकीच्या जगाने या दोन्ही वस्तू उसन्या घेतल्या हे खरे, तरी एक अध्याय पूर्णपणे तिचा स्वतःचा आहे, मोटोक्रॉसचा. १९७० च्या दशकात चिखलातल्या शर्यतींसाठी पत्र्याच्या मडगार्डांची जागा न तुटणाऱ्या प्लॅस्टिकने घेतली. हे प्लॅस्टिक पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएथिलीन जातीचे, आणि त्यावर रंग धरतच नाही. म्हणून रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळला गेला (होंडाचा लाल, कावासाकीचा हिरवा, सुझुकीचा पिवळा ही ओळख त्यातून ठसठशीत झाली) आणि उरलेली सारी सजावट स्टिकरवर आली. येथे स्टिकर रंगाला पर्याय नव्हता, तोच एकमेव मार्ग होता. प्लॅस्टिकच्या टाकीने आणखी एक कोडे घातले. पेट्रोलचे बाष्प तिच्या भिंतीतून सूक्ष्म प्रमाणात पाझरते आणि वर हवाबंद स्टिकर असला की त्याखाली फुगे येतात. लावणाऱ्याचा हात कितीही चांगला असो, फुगे येणारच. अखेर स्टिकरलाच बारीक छिद्रे पाडावी लागली, म्हणजे टाकीला श्वास घेता येईल. प्लॅस्टिकच्या टाकीवर सबंध रॅप चढवू पाहणाऱ्यांनी हा जुना धडा आजही लक्षात ठेवावा.

रस्त्यावरच्या शर्यतींत स्टिकरने राजकारणही पाहिले. १९८० च्या दशकात ग्राँप्रीच्या मोटरसायकली सिगारेट कंपन्यांच्या रंगांनी रंगल्या. १९८५ साली फ्रेडी स्पेन्सरने २५० आणि ५०० सीसी ही दोन्ही विजेतेपदे मिळवली ती रॉथमन्सच्या निळ्या-पांढऱ्या होंडावर. केविन श्वांट्झ १९९३ साली विजेता झाला तो लकी स्ट्राइकच्या सुझुकीवर. ज्या देशांत तंबाखूच्या जाहिरातीला बंदी होती तेथे त्याच गाड्या नाव उतरवून धावत. रंगसंगती तीच, अक्षरे गायब. प्रेक्षकाला मात्र नसलेले नाव बरोबर वाचता येई. त्या हंगामांची छायाचित्रे पाहताना शर्यत कोणत्या देशात झाली असेल याचा अंदाज टाकीकडे पाहून बांधता येतो. ज्यांना कालनिर्णयाचे कोडे सोडवायला आवडते त्यांनी करून पाहावे.

तीनचाकी मोटरसायकल, म्हणजे ट्राइक, हिची कथा थोडक्यात. हार्ले-डेव्हिडसनने १९३२ ते १९७३ या काळात ‘सर्व्हीकार’ नावाचे तीनचाकी वाहन बनवले. गॅरेजच्या माणसाने त्यावरून ग्राहकाच्या घरी जायचे आणि परतताना ग्राहकाची मोटार चालवत, मागे सर्व्हीकार जोडून आणायची, अशी ती योजना. तिच्या पाठीवरच्या पेटीवर गॅरेजचे नाव रंगवलेले असे, म्हणजे चालती जाहिरातच. पोलिसांनीही ती दीर्घकाळ वापरली. २००७ साली कॅन-ॲम स्पायडर आली, पुढे दोन चाके आणि मागे एक. त्यापाठोपाठ २००९ च्या सुमारास हार्लेची ट्राय ग्लाइड, पुढे एक आणि मागे दोन. संरक्षक फिल्मच्या दृष्टीने या दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. दुचाकीत पुढचे चाक आणि मागचे चाक एका रेषेत असतात. ट्राय ग्लाइडमध्ये मागची रुंद मडगार्डे त्या रेषेच्या बाहेर, पुढच्या चाकाने उडवलेल्या खड्यांच्या थेट माऱ्यात येतात. म्हणून अशा ट्राइकच्या मालकांनी पहिली फिल्म टाकीवर न लावता मागच्या मडगार्डांच्या पुढल्या कडेवर लावावी हे शहाणपणाचे. आपली रिक्षाही या कुळातलीच आहे. तिच्यावर शासनाचा ठरलेला रंग, मालकाचा देव, मुलांची नावे आणि पाठीवर कोणाची तरी जाहिरात असे सारे एकत्र नांदते. जर्मन टॅक्सीवाल्याने नियम फिल्मवर घेतला आणि आवड खाली झाकून ठेवली. मुंबईचा रिक्षावाला काळ्या-पिवळ्या नियमावरच आपली आवड विनाइलने चिकटवतो.

हे काम करायचे तर काय पाहावे, हेही थोडे सांगतो, कारण विचारणारे असतात. रॅप कोरडा लावतात, पीपीएफ साबणाच्या पाण्यावर सरकवून. गरम हवेच्या यंत्राने फिल्म मऊ करून ताणतात आणि बसल्यावर कास्ट विनाइल पुन्हा एकदा चांगले तापवतात, म्हणजे ते नवा आकार स्वीकारते. नुकत्याच रंगवलेल्या टाकीवर लगेच फिल्म लावू नये. रंगातील द्रावक उडून जायला काही आठवडे द्यावे लागतात. सायलेन्सरजवळच्या भागावर विनाइल टिकत नाही. पेट्रोल भरण्याच्या तोंडाशी सांडलेले थेंब कडा सोडवतात. आणि सर्वांत मोठा धोका ऊन किंवा पेट्रोल नसून कारागिराच्या हातातली सुरी आहे. गाडीवरच फिल्म कापताना एक क्षण हात जड झाला तर ज्या रंगाच्या रक्षणासाठी हा खटाटोप, त्याच्यावरच कायमची चीर पडते. म्हणून जाणते कारागीर दोरा असलेली पट्टी आधी चिकटवतात, वरून फिल्म लावतात आणि दोरा ओढून फिल्म फाडतात. मास्किंग टेपचा रिचर्ड ड्रू हे पाहून खूश झाला असता.

कायद्याच्या कागदावर मात्र एकच रंग असतो. आपल्या वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात रंगाचा रकाना आहे आणि रंग बदलला तर आरटीओकडे कळवून ती नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. पारदर्शक फिल्मने हा प्रश्न येत नाही. लाल गाडी काळ्या विनाइलमध्ये गुंडाळली की कागद आणि डोळा यांच्यात तंटा उभा राहतो. गाडीचा ‘खरा’ रंग कोणता? जर्मन टॅक्सीच्या नियमाला वरचा रंग पुरेसा होता. दुसऱ्या हाताच्या ग्राहकाला खालचा हवा असतो.

हाच तंटा उद्या संग्रहालयांत जाणार आहे. जुन्या मोटरसायकलींच्या जगात मूळ रंग, तो कितीही टवके उडालेला असो, नव्याने दिलेल्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा मानला जाऊ लागला आहे, कारण तो कारखान्यात हात लागल्याचा पुरावा असतो. पण विनाइल हाही पुरावाच आहे. २०१५ साली साताऱ्याच्या एखाद्या मुलाने आपल्या गाडीवर काय मिरवले हे खालच्या रंगात सापडणार नाही, ते वरच्या पापुद्र्यात सापडेल. आणि तो पापुद्रा टिकाऊ नाही. मऊ पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य काळाबरोबर बाहेर पाझरते, फिल्म ठिसूळ होते, डिंक चिवट होऊन बसतो. संग्रहालयांतील पीव्हीसीच्या वस्तू जतनतज्ज्ञांची डोकेदुखी झाल्या आहेत त्या याच कारणाने. टाकीवरची अशी फिल्म वेळेत काढली नाही तर ती नखाएवढ्या तुकड्यांनी निघते आणि वेळेत काढली तर ती थेट कचऱ्यात जाते. दोन्ही मार्गांनी कागदपत्र नष्टच.

तरी काही उरते. दहा वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीवरून जुने नाव सोलले की सभोवतालचा रंग विटलेला असतो आणि अक्षरांखालचा मात्र पहिल्या दिवसासारखा गडद. पॉलिश करूनही ती अक्षरे लवकर जात नाहीत. दुसऱ्या हाताने गाडी घेणारा टाकीवर तिरप्या उन्हात पाहतो आणि आधीच्या मालकाच्या मुलीचे नाव स्वच्छ वाचतो.